शाहीर अमर शेख आणि आपल्या शाळेचा रंगमंच



मेहबूब हुसेन पटेल हे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कानावर आले असेल. परंतु शाहीर अमर शेख म्हटले की घरातील वयस्क माणसे लगेच मान वर करतील आणि त्या बुलंद आवाजाविषयी काहीतरी सांगू लागतील. ही दोन्ही नावे एकाच माणसाची. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी गावात, एका गरीब मुसलमान घरात जन्मलेल्या या मुलाने हातात डफ घेतला आणि सबंध महाराष्ट्राला आपल्या गाण्याने जागे केले. त्यांचे चरित्र आज सांगण्यास एक निमित्तही आहे. आपल्या शाळेच्या यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी मुलामुलींनी लोकनाट्य बसवावयास घेतले आहे. त्यात गाणी आहेत, ढोलकी आहे, आणि मोठ्या माणसांना काढलेले चिमटेही आहेत. त्यामुळे काही पालकांच्या मनात प्रश्न उभे राहिले आहेत. ते प्रश्न रास्त आहेत. त्यांचा विचार करण्यापूर्वी हा मार्ग आपल्याआधी कोण चालून गेला आहे, हे जाणून घेणे बरे.

अमर शेख यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीस झाला. बार्शी आपल्या नाचणगावपासून शेकडो मैल दूर. तरी ते गाव आपल्याला फार परके वाटू नये. तिथेही कापसाचा व्यापार, कापडाच्या गिरण्या आणि १८९७ साली सुरू झालेली छोट्या रुळांची बार्शी लाईट रेल्वे होती. आपल्या शेजारच्या पुलगावचीही ओळख कापडगिरणी आणि १९१७ पासून आर्वीला जाणारी छोटी रेल्वे यांनीच झालेली. भोंगा वाजला की उठणारी माणसे, पाळी संपवून कापसाचे तंतू अंगावर घेऊन घरी येणारे वडील, शनिवारच्या पगाराची वाट पाहणारे घर, हे सारे आपल्या आजोबांच्या पिढीने जसे पाहिले तसेच त्या मुलानेही पाहिले.

त्यांच्या आईचे नाव मुनेरबी. लोकगीतांचा वारसा त्यांना या आईकडून मिळाला. इथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. त्या काळात खेड्यापाड्यांतील मुसलमान घरांत जात्यावर ओवी म्हटली जाई ती मराठीतच. सासर-माहेर, पाऊस-पाणी, लेकीचे लग्न हे सारे त्या ओव्यांत येई. पुढे ज्या शाहिराच्या मराठीने विद्वानांनाही चकित केले, त्याचा पहिला मराठीचा तास आईच्या मांडीवर झाला. माझ्या वर्गातील काही मुले मला म्हणतात की मराठी ही आमच्या घरची भाषा नाही, म्हणून तिच्यात गुण कमी पडतात. त्यांनी मुनेरबींची आठवण ठेवावी.

शाळेचे सुख मेहबूबला फार काळ लाभले नाही. घरच्या गरिबीने त्याला लहान वयातच कामाला लावले. मोटारीवर क्लिनर म्हणून त्याने काम केले, पुढे गिरणीत कामगार म्हणून लागला. गिरणीत असताना कामगारांच्या लढ्यात तो पुढे राहिला आणि त्यासाठी त्याने तुरुंगवासही सोसला. देशात स्वातंत्र्याची चळवळ चालू होती, तिचे वारेही अंगात शिरले. कोल्हापूरच्या मुक्कामात काही काळ मास्टर विनायक यांच्या चित्रपटसंस्थेतही त्याने काम केले. याच धडपडीच्या काळात मेहबूब पटेलचा अमर शेख झाला.

विद्यार्थी मित्रांनो, या चरित्रात एकही पदवी नाही, एकही शिष्यवृत्ती नाही. म्हणून शिक्षणावाचूनही माणूस मोठा होतो असा सोयीचा अर्थ कोणी काढू नये. अमर शेख जन्मभर शिकत राहिले. त्यांनी वाचले, लिहिले, कविता रचल्या, मासिके चालविली. शाळेने जे दिले नाही ते त्यांनी मोठ्या कष्टाने मिळविले. तुमच्यासमोर ते ताटात वाढलेले आहे.

अमर शेख यांच्या आयुष्यातील खरे पर्व मुंबईत सुरू झाले. १९४३ साली देशात इप्टा या नावाने ओळखली जाणारी लोकनाट्याची मोठी संघटना स्थापन झाली. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती आणि कलावंत गावोगाव जाऊन त्यांच्यासाठी गात-नाचत होते. अशा वातावरणात १९४४ साली मुंबईत लाल बावटा कलापथक उभे राहिले. त्याचे तीन आधारस्तंभ होते : अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. अण्णाभाऊ हे सांगली जिल्ह्यातील वाटेगावच्या मातंग वस्तीतून आलेले, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेले. त्यांच्या लेखणीतून वग आणि पोवाडे उतरत, आणि अमर शेख यांच्या गळ्यातून ते हजारोंच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत जात. जात वेगळी, धर्म वेगळा, गाव वेगळे. एकत्र आणले ते गरिबीने आणि कलेने.

हे पथक जे करीत असे ते आपण नीट समजून घ्यावयास हवे. कारण आपली मुले तेच, लहान प्रमाणात, करू पाहत आहेत.

महाराष्ट्रातील जुन्या तमाशाची एक ठरलेली बांधणी आहे. प्रथम गण, म्हणजे देवतेचे स्तवन. मग गवळण, म्हणजे कृष्ण, पेंद्या आणि दही-दूध घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी यांची थट्टामस्करी. त्यानंतर बतावणी, म्हणजे दोघातिघांचा हजरजबाबी संवाद. आणि शेवटी वग, म्हणजे मुख्य कथा. ढोलकी, डफ, तुणतुणे आणि झांज एवढ्या वाद्यांवर सारा खेळ उभा राहतो. पडदे नाहीत, राजवाड्याचे देखावे नाहीत. राजाने रंगमंचाला एक फेरी मारली की तो नगरातून रानात पोहोचला असे प्रेक्षक मानतात. आपल्या विदर्भातील खडी गंमत आणि दंडार हेही याच नात्यागोत्यातील प्रकार.

या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचे पात्र म्हणजे सोंगाड्या. तो राजाचा नोकर असतो, पण राजाला जे कोणी सांगू शकत नाही ते तो सांगतो. तो उघड विरोध करीत नाही. हुकूम शब्दशः पाळतो आणि असा काही पाळतो की हुकूमच हास्यास्पद ठरतो. तो मूर्ख असल्याचे सोंग आणतो आणि शहाण्यांचे पितळ उघडे पाडतो. व्यंग म्हणतात ते हेच. रागाने बोललेले बोल ऐकणारा परतवून लावतो. हसत हसत ऐकलेले मात्र मनात शिरते आणि घरी गेल्यावर टोचू लागते.

अण्णाभाऊ आणि अमर शेख यांनी ही जुनी चौकट घेतली आणि तीत नवा आशय भरला. गणात देवतेऐवजी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांच्या हातांना वंदन आले. गवळणीतील उत्तान भाग गळाला. वगातील राजाच्या जागी सावकार, शेठजी, जमीनदार आणि मते मागणारा पुढारी आला. अकलेची गोष्ट, शेटजींचे इलेक्शन, देशभक्त घोटाळे, लोकमंत्र्यांचा दौरा ही नुसती नावे वाचली तरी रोख कोठे आहे ते कळते. गिरणगावातील मैदानांत, चाळींच्या पटांगणांत आणि खेड्यांच्या पारावर हे खेळ होत. दिवसभर राबलेली माणसे ते पाहून पोट धरून हसत. आपल्याला लुबाडणारा माणूस जेव्हा रंगमंचावर हास्याचा विषय होतो, तेव्हा त्याची भीती कमी होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या हजारो माणसांना व्याज, मजुरी, मत आणि हक्क यांचे पाठ या खेळांनी दिले. ती एक फिरती शाळाच होती.

ज्यांना हा विनोद झोंबला त्यांनी तो थांबविण्याचा प्रयत्न केला, हे सांगावयास नकोच. तत्कालीन मुंबई सरकारने या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. शाहिरांना पोलिसांचा ससेमिरा चुकला नाही. तमाशा या शब्दावर डोळा आहे हे पाहून लोकनाट्य हे नाव पुढे आले आणि तेच रूढ झाले. म्हणजे आज सरकारी स्पर्धांत आणि शाळा-महाविद्यालयांत आपण मानाने जो शब्द वापरतो, त्याच्यामागे हा इतिहास आहे.

स्वातंत्र्य आले ते फाळणीचे रक्त घेऊन. १९४७ साली पंजाब आणि दिल्लीत माणसे एकमेकांचे गळे कापीत होती. त्या दंग्यावर अण्णाभाऊंनी पोवाडा रचला. अशा दिवसांत एका मुसलमान शाहिराने मराठी सभांत उभे राहून एकीची गाणी गाणे ही सोपी गोष्ट नव्हती. अमर शेख गात राहिले. त्यांनी आपला धर्म कोणी विचारू नये म्हणून नाव लपविले नाही; शेख हे नाव मिरवीतच ते छत्रपती शिवाजी महाराजांचा पोवाडा गात आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर रोमांच उभे राहत. ऐकणारे गावोगावचे शेतकरी, कामगार, सर्व जातीधर्मांचे. त्यांनी या शाहिराला आपला मानले.

त्यांच्या कीर्तीचा कळस झाला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. मुंबईसह मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे यासाठी आचार्य अत्रे, सेनापती बापट, श्रीपाद अमृत डांगे, प्रबोधनकार ठाकरे, एस. एम. जोशी यांच्यासारखे नेते गावोगाव सभा घेत होते. त्या सभांचे व्यासपीठ शाहिरांनी तापवून ठेवलेले असे. अमर शेख, अण्णाभाऊ आणि गव्हाणकर हे तर होतेच. गावी राहिलेल्या घरधनिणीच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या गिरणी कामगाराची अण्णाभाऊंची छक्कड याच काळात गाजली. वरवर ते विरहाचे गाणे. आत मात्र महाराष्ट्रापासून तुटलेल्या बेळगाव-कारवारचे दुःख. लोकांनी ते बरोबर ओळखले.

त्या वेळी आपला वर्धा जिल्हा कोठे होता हे विद्यार्थ्यांना विचारले तर अनेकांना सांगता येत नाही. तो मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भातील इतर जिल्ह्यांबरोबर तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. वेगळ्या विदर्भाची मागणीही आपल्याकडे होती आणि आजही तिचे पुरस्कर्ते आहेत. त्या वादात आपण येथे पडू नये. परंतु आपल्या मुलांच्या दाखल्यावर जे राज्य लिहिले जाते, ते घडविणाऱ्या आवाजांत एक मोठा आवाज बार्शीच्या पटेलाच्या मुलाचा होता, हे मात्र त्यांना ठाऊक असले पाहिजे.

गोवामुक्तीच्या लढ्यातही अमर शेख यांनी आपला डफ वाजविला. १९६२ साली चीनने आक्रमण केले तेव्हा जवानांच्या मदतीसाठी ते गात फिरले. प्रपंच या १९६१ सालच्या गाजलेल्या मराठी चित्रपटात त्यांनी अभिनय केला. कच्च्याबच्च्यांच्या ओझ्याखाली दबलेल्या कुंभाराची ती भूमिका ज्यांनी पाहिली त्यांना विसरता येत नाही. कलश आणि धरतीमाता हे त्यांचे कवितासंग्रह, पहिला बळी हे नाटक. युगदीप आणि वख्त की आवाज या मासिकांचे त्यांनी संपादन केले. एक मासिक मराठी नावाचे, एक उर्दू-हिंदी नावाचे. दोन्ही भाषा त्यांना आपल्या वाटत, आणि एकीवर प्रेम केल्याने दुसरी दुरावते असे त्यांना कधी वाटले नाही.

१९६९ हे वर्ष मराठी जनतेला फार जड गेले. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले. आणि बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट रोजी, इंदापूरजवळ झालेल्या मोटार अपघातात अमर शेख यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न. आज मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे. त्यांच्या कन्या मल्लिका अमर शेख या मराठीतील नामवंत कवयित्री. शाळा अर्धवट सुटलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाने आपल्या दारावर लावावे, यापेक्षा मोठा सन्मान शिक्षकाला तरी दुसरा दिसत नाही.

अमर शेख यांचे राजकीय विचार साम्यवादी होते. ते आपल्या सर्वांना पटतीलच असे नाही, पटलेच पाहिजेत असेही नाही. चरित्र वाचावयाचे ते माणसाने आपले देणे कसे फेडले हे पाहण्यासाठी.

आता मूळ मुद्द्याकडे वळू.

मराठी रंगभूमी ही आपली नव्हे, अशी एक समजूत आपल्या समाजात घर करून आहे. ती खरी नाही. पेशवाईच्या काळात लावणी आणि पोवाडे रचणारे शाहीर सगनभाऊ हे शिकलगार समाजातील मुसलमान होते. त्याच्याही आधी श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी योगसंग्राम हा ग्रंथ मराठीत लिहिला. संगीत नाटकांचा सुवर्णकाळ ज्यांच्यामुळे ओळखला जातो त्या बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष साथीला असत. तेव्हा आपली मुले जेव्हा ढोलकीच्या तालावर मराठी वग उभा करतात तेव्हा ती परक्या अंगणात जात नाहीत.

दुसरी शंका अशी की असे खेळ शाळेला शोभतात का. महात्मा जोतीराव फुले हे आधी शिक्षक होते. त्यांनी १८५५ साली तृतीय रत्न हे नाटक लिहिले. अडाणी कुणब्याला लुबाडणारा लबाड जोशी आणि मध्ये मध्ये येऊन खरे बोलणारा विदूषक अशी त्याची रचना. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारले आणि छापून येण्यास त्याला १९७९ साल उजाडावे लागले. पुढे सत्यशोधकांचे जलसे याच वाटेने गेले. बाहेरच्या जगातही हेच दिसते. १७२८ साली लंडनमध्ये जॉन गे याने चोर-भिकाऱ्यांचे संगीत नाटक लिहून दरबारी मंडळींची खिल्ली उडविली. दोनशे वर्षांनी, १९२८ साली, बर्लिनमध्ये बेर्टोल्ट ब्रेख्ट आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी ते नव्या रूपात आणले. तेच पु. ल. देशपांडे यांनी १९७८ साली तीन पैशाचा तमाशा या नावाने मराठीत उतरविले. आणि ब्रेख्ट-वाइल जोडीने १९३० साली खास शाळेतील मुलांनी करावे म्हणून एक संगीत नाटकही लिहिले. करणाऱ्या मुलाला त्यातून विचार करण्याची सवय लागावी, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे वसंत सबनीसांचे विच्छा माझी पुरी करा आणि विजय तेंडुलकरांचे १९७२ सालचे घाशीराम कोतवाल यांनी ही परंपरा मोठ्या रंगमंचावर नेली. म्हणजे आपली मुले करीत आहेत ते काही जगावेगळे नाही.

तिसरी शंका सर्वांत नाजूक आहे. मुलांनी रचलेल्या वगाचा विषय आपल्यालाच टोचणारा आहे. त्यात एक बाप आहे. मुलीच्या दहावीच्या फीसाठी त्याच्याजवळ पैसे नसतात, पण तिच्या लग्नाच्या जेवणावळीसाठी तो व्याजाने कर्ज काढतो. सोंगाड्या त्याचा हिशेब लिहिण्यास बसतो आणि प्रत्येक बिर्याणीच्या देगीपुढे मुलीचे एक एक वर्ष मांडतो. गावात चर्चा झाली की हा बाप म्हणजे अमुक. काही पालक मला भेटले. त्यांचे म्हणणे असे की घरातील गोष्ट चारचौघांत हसण्यावारी नेऊ नये. त्यांचा राग मी समजू शकतो. परंतु पालकहो, हा बाप कोणी एक नाही. तालमीत मी मुलांना विचारले की तुमच्यापैकी किती जणांच्या घरी अशी गोष्ट झाली आहे, तेव्हा बरेच हात वर गेले. मुलांनी एका माणसाची चेष्टा केलेली नाही, एका रिवाजाची केली आहे. आणि त्या वगात शिक्षकही सुटलेला नाही. वर्गात हजेरी घेऊन चहाच्या टपरीवर धडा पूर्ण करणारे एक मास्तरही त्यात आहेत. तो प्रवेश काढून टाका असे मी मुलांना सांगितलेले नाही.

अमर शेख आणि त्यांच्या साथीदारांच्या कामातून याबाबत एक स्पष्ट नियम हाती लागतो. त्यांनी सावकाराला हसविले, कर्जदाराला नाही. जो दाबतो त्याच्यावर व्यंग चालते. जो दबलेला आहे त्याच्यावर केलेले व्यंग ही कुचेष्टा होय. म्हणून तालमीत मी मुलांना काही गोष्टी घालून दिल्या आहेत. कोणाचे व्यंग, रंग, जात, धर्म, गरिबी किंवा तोतरेपणा यावर विनोद नाही. गावातील कोणाचे नाव, लकब किंवा पेहराव जसाच्या तसा उचलावयाचा नाही. वगातील मुलगी रडून निघून जात नाही. हिशेबाची वही ती स्वतः हातात घेते आणि बेरीज पूर्ण करते. बापही शेवटी खलनायक राहत नाही, कारण त्यालाही लोक काय म्हणतील या भीतीने बांधलेले असते. हसता हसता प्रेक्षकाला त्या बापाची कीव आली आणि स्वतःची आठवण झाली, तर वग साधला असे समजावे.

ज्या घरांत गाणे-बजावणे वर्ज्य मानतात त्यांच्यावर कसलीही सक्ती नाही, हेही मी येथे स्पष्ट सांगतो. वगाची प्रत सुवाच्य अक्षरांत लिहून काढणे, संवाद पाठ करून घेणे, फलक रंगविणे, खर्चाचा हिशेब ठेवणे ही सारी कामे नाटकाचीच कामे आहेत आणि ती करणाऱ्या मुलामुलींचे नाव पत्रिकेत तितक्याच ठळकपणे येईल. तालमी शाळेच्या वेळेतच आणि शिक्षिकांच्या देखरेखीखाली होतात. लेकीला पाठविण्यास कचरणाऱ्या पालकांनी एकदा येऊन तालीम पाहावी, खुर्ची त्यांच्यासाठी ठेवलेली असेल.

अभ्यास बुडेल ही भीतीही अनाठायी आहे. वीस-पंचवीस मिनिटांचा वग पाठ करणारा मुलगा शेकडो मराठी वाक्ये आवाजाच्या चढउतारासह तोंडी करतो. जोडाक्षरावर अडखळणारी जीभ सैल होते. न आणि ण यांतील फरक व्याकरणाच्या तासाला जो कळत नाही तो ढोलकीच्या तालावर कळतो. सभेत उभे राहून बोलण्याची भीड मोडते, आणि ही भीड मोडणे आपल्या मुलांना मुलाखतीच्या टेबलासमोर किती उपयोगी पडेल हे मी वेगळे सांगावयास नको.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी शेवटचे दोन शब्द. डफ हाती घेणे सोपे, त्यामागची तयारी कठीण. अमर शेख यांचा आवाज ही देवाची देणगी होती, पण त्या आवाजाला विषय मिळाला तो मोटारीखाली, गिरणीत आणि तुरुंगात. तुम्हाला विषय हवा असेल तर आपल्या आसपास पाहा. कापसाला भाव नाही म्हणून गप्प बसलेले काका, रोज सकाळी कामाच्या शोधात पुलगाव स्टेशन गाठणारे मोठे भाऊ, आठवीनंतर घरी बसलेली मैत्रीण, यांच्याकडे पाहा. त्यांच्याविषयी लिहा. हसवा, पण हसणाऱ्याला घरी जाताना एक प्रश्न सोबत द्या.

आणि पालकहो, स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी पुढच्या रांगेत येऊन बसा. सोंगाड्याने चिमटा काढला तर मनापासून हसा. तो तुमचाच मुलगा आहे, आणि मुलीच्या हातातील ती हिशेबाची वही आपल्या सर्वांच्या घरची आहे. पुढच्या जूनमध्ये नववीच्या हजेरीपटावर मुलींची नावे यंदाच्या आठवीइतकीच राहिली, तर या लोकनाट्याला मिळालेले ते सर्वांत मोठे बक्षीस ठरेल.